वय विचारलं, पण कोणत्या तारखेचं?

१६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेची अधिसूचना काढली. बातम्यांत गाजली ती जातनिहाय मोजणी आणि मोबाइल ॲप. अधिसूचनेचा गाभा मात्र तारखांचा होता. देशभरासाठी १ मार्च २०२७, आदल्या रात्रीचे बारा. लडाखसाठी आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड इथल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. जनगणना एकच आणि तारखा दोन. त्यात माणसं मोजायला प्रगणक फिरणार फेब्रुवारीत. मग दारात आलेल्या प्रगणकाला वय सांगायचं ते त्या दिवशीचं, १ मार्चचं, की कागदावरचं?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण देशाच्या बऱ्याच आकडेवारीचा पाया त्यावर उभा आहे. वय म्हणजे शेवटी वजाबाकी: मोजणीच्या तारखेतून जन्मतारीख वजा. आपल्याकडे जन्मतारखेबद्दल सगळे बोलतात, मोजणीच्या तारखेकडे कुणी बघत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

## मोजणी फेब्रुवारीत, हिशेब १ मार्चचा

किराणा दुकानात आर्थिक वर्षाअखेरीस मालाची मोजणी होते, ती डोळ्यासमोर आणा. पोती, डबे, साबणाच्या वड्या मोजायला चार-पाच दिवस लागतात. तोवर दुकान चालूच असतं. मोजलेला माल विकला जातो, नवा येतो. वहीत शेवटी लिहायचा असतो तो ३१ मार्चच्या रात्रीचा साठा, म्हणून मधल्या विक्री-खरेदीचा मेळ घालून आकडा त्या एका रात्रीवर आणतात.

जनगणना नेमकं हेच करते. ज्या क्षणावर आकडा आणायचा, त्याला संदर्भ दिनांक म्हणतात. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी प्रगणक घरोघरी फिरले आणि १ ते ५ मार्चला त्यांनी दुसरी फेरी मारली. मधल्या दिवसांत जन्मलेलं बाळ यादीत घालायचं, वारलेल्या माणसाचं नाव वगळायचं, असं त्या फेरीचं काम. बेघर लोकांना २८ फेब्रुवारीच्या रात्री, ते जिथे झोपतात तिथे मोजलं. आकडा निघाला तो १ मार्चच्या मध्यरात्रीचा. त्याआधी १९९१ च्या जनगणनेत संदर्भ क्षण १ मार्चच्या सूर्योदयाचा होता. मध्यरात्र आली २००१ पासून.

बर्फाळ भागाला वेगळी तारीख देण्याचं कारण उघड आहे. फेब्रुवारीत तिथल्या वाटा बंद असतात. पण त्याचा अर्थ असा की नोव्हेंबर २०२६ मध्ये लेहला जन्मलेलं बाळ या जनगणनेत दिसणार नाही आणि त्याच दिवशी लातूरला जन्मलेलं दिसेल. लडाखची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेतीन लाखांच्या घरात होती, त्यामुळे देशाच्या बेरजेत हा फरक बुडून जातो. लडाखमधल्या एक वर्षाखालच्या मुलांची इतर जिल्ह्यांशी तुलना करताना मात्र तो ध्यानात ठेवावा लागतो.

## ‘सातवं लागलं’ म्हणजे सहा

जनगणनेत लिहायचं वय पूर्ण झालेल्या वर्षांचं. आपल्या बोलण्यात मात्र दोन्ही रिती सुखाने नांदतात. आजी म्हणते ‘सातवं लागलं’, आई म्हणते ‘सहा झाली’, आणि मूल एकच. दक्षिण कोरियात तर मूल जन्मताच एक वर्षाचं धरायचे आणि नवं वर्ष उजाडलं की सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. जून २०२३ पासून तिथे कायद्यानेच पूर्ण वर्षांचा हिशेब प्रमाण मानला.

आपल्याकडे सहा आणि सात यांच्या मधल्या रेषेला विशेष वजन आहे. साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्यांचीच मोजतात. बालकांमधलं मुलींचं प्रमाण काढतात ते सहापर्यंतच्या मुलांवरून. आता २० फेब्रुवारी २०२० ला जन्मलेली मुलगी घ्या. प्रगणक १२ फेब्रुवारी २०२७ ला आला, तर आई म्हणेल सहा, आणि ते त्या दिवशी खरंच आहे. १ मार्चला मात्र ती सात पूर्ण केलेली असेल. सहा लिहिलं तर ती बालकांच्या रकान्यात, सात लिहिलं तर साक्षर-निरक्षरांच्या.

अशी माणसं किती? प्रगणक संदर्भ दिनांकाच्या सरासरी दहा दिवस आधी येतो असं धरा. त्या दहा दिवसांत ज्यांचा वाढदिवस, त्यांचं वय एकाने कमी लागणार. ३६५ दिवसांतले दहा म्हणजे शंभरात जवळपास तीन जण. २०११ च्या अर्जात वयाबरोबर जन्मतारीखही विचारली होती, त्याचा एक फायदा हाच: तारीख हातात असली की १ मार्चचं वय कार्यालयात बसूनही काढता येतं.

## मास्तरांनी दिलेला वाढदिवस

जन्मतारीख विचारली की प्रश्न सुटला, असं महाराष्ट्रात तरी म्हणता येत नाही. १ जूनला आपल्याकडे वाढदिवसांचा पूर येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल शाळेच्या वयाचं ठरायचं, आणि मास्तर रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कित्येकांची जन्मतारीख ही अशी आहे.

ही सोय १ मार्चच्या हिशेबाला फारशी बाधत नाही. मास्तरांनी वर्ष बरोबर लिहिलं आणि दिवस-महिना मनाने घातला असं धरा. १९६५ सालच्या जन्माला १ जून १९६५ लिहिलं तर १ मार्च २०२७ ला वय निघतं ६१. प्रत्यक्षात तो माणूस मार्च ते डिसेंबर १९६५ मध्ये कधीही जन्मलेला असला, तरी त्याचं पूर्ण वय ६१ च. चूक होते ती फक्त जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांची. बारातले दहा महिने सुरक्षित!

आता त्याच माणसाच्या कागदावर १ जानेवारी १९६५ लिहा. नुसतं वर्ष माहीत असलं की अशी तारीखही अनेकदा पडते. १ मार्च २०२७ ला वय निघतं ६२. मार्च ते डिसेंबरमध्ये जन्मलेले सगळे एका वर्षाने म्हातारे झाले; बारातले दहा महिने चुकले. जनगणना मार्चऐवजी जुलैत असती, तर १ जूनवाल्यांचंही निम्मं गणित बिघडलं असतं. जन्मतारीख तीच, चूकही तीच; तिची किंमत मोजणीची तारीख ठरवते.

## शून्य आणि पाचाची गर्दी

ज्यांना जन्माचं सालच माहीत नाही, ते अंदाजाने सांगतात, आणि अंदाज गोल आकड्यावर थांबतो. तीस, पस्तीस, चाळीस. ४३ असं कुणी अंदाजाने म्हणत नाही. जनगणनेचे एकेका वर्षाचे तक्ते काढून आलेख मांडला, तर ३०, ३५, ४०, ४५ वर उंच सुळके आणि त्यांच्या आजूबाजूला खड्डे दिसतात. ही गर्दी मोजण्याची साधी रीत अशी: २३ ते ६२ या वयांतल्या लोकांपैकी शून्य किंवा पाचने संपणारं वय किती जणांनी सांगितलं ते पाहायचं. प्रामाणिक आकडेवारीत ते पाचातले एक असायला हवेत. जितके जास्त, तितका अंदाजपंचे कारभार मोठा.

म्हातारपणी वय वाढवून सांगण्याची हौसही असतेच. २०११ च्या जनगणनेत वयाची शंभरी गाठलेले सहा लाखांच्या आसपास निघाले. अभ्यासकांनी हा आकडा कधीच पूर्ण विश्वासाने घेतला नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे घटनांची यादी. आजीला साल विचारू नका, ‘पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?’ असं विचारा. १२ जुलै १९६१ ला पाळण्यात असलेलं मूल १ मार्च २०२७ ला ६५ वर्षांचं. कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी, ११ डिसेंबर १९६७ ला जन्मलेलं ५९ चं, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जन्मलेलं ३३ चं. बहात्तरचा दुष्काळ, महाराष्ट्र राज्याची स्थापना, गोव्याची मुक्ती, गावातल्या धरणाचं काम. ज्या गावाला जी खूण पक्की, ती घ्यायची. प्रगणकाकडे वेळ असेल तर यासारखी रीत नाही. वेळ असतो का, हा वेगळा प्रश्न.

## दहाच्या जागी सोळा वर्षं

एरवी जनगणना दर दहा वर्षांनी होते. त्या दहाचा एक छुपा उपकार असा की चुकीशी चूक जुळत यायची. २००१ मध्ये ज्यांनी अंदाजाने तीस सांगितलं, त्यांनी २०११ मध्ये चाळीस सांगितलं. सुळका सुळक्यावर, खड्डा खड्ड्यावर. त्यामुळे ‘तेव्हाच्या तिशीतल्यांपैकी आज चाळिशीत किती उरले’ असं विचारून मृत्यू आणि स्थलांतराचा अंदाज बांधता यायचा.

२०२१ ची जनगणना झाली नाही आणि अंतर झालं सोळा वर्षांचं. २०११ चे तिशीवाले २०२७ मध्ये ४६ चे व्हायला हवेत. पण अंदाजाने वय सांगणारा ४६ म्हणत नाही. तो ४५ म्हणतो नाहीतर ५०. परिणाम असा की २०११ चा सुळका २०२७ च्या खड्ड्यात पडणार. नुसते तक्ते शेजारी ठेवले तर तिशीतले लाखो लोक मधल्या काळात गायब झाल्यासारखे दिसतील. उलट २९ चा खड्डा ४५ च्या सुळक्यावर येईल, म्हणजे तिथे माणसं मधल्या काळात उगवली! कुणी मेलं नाही, कुणी उगवलं नाही. दोन्ही वेळा लोकांनी गोल आकडा सांगितला, इतकंच. निकाल लागल्यावर अशा ‘गायब पिढी’च्या बातम्या आल्या, तर त्यातल्या निम्म्यांचं मूळ इथे असेल अशी मला दाट शंका आहे. आकडे आधी गुळगुळीत करून, म्हणजे गोल वयांवरची गर्दी आजूबाजूच्या वयांत वाटून, मगच जुळवावे लागतील.

पाच-पाच वर्षांचे गटही आता सरळ बसत नाहीत. २०११ चे १० ते १४ आता २६ ते ३०. शून्य ते सहाची मुलं १६ ते २२ ची झाली; ज्यांच्यावरून मुलींचं घटलेलं प्रमाण समोर आलं होतं, ती पिढी आता मतदार होत आहे. आणि १ मार्च २०२७ ला पंधरा पूर्ण किंवा त्याहून लहान असलेलं प्रत्येक मूल आयुष्यात पहिल्यांदाच जनगणनेत मोजलं जाईल. त्यातली थोरली तोवर दहावीच्या वर्गात बसलेली असतील.

तारीख एका महिन्याने सरकली तरी वाचणारा कसा फसतो, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मार्च १९७१ मध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक होती, म्हणून त्या वर्षीचा संदर्भ दिनांक १ एप्रिल ठेवला. म्हणजे १९६१ ते ७१ हे ‘दशक’ १२१ महिन्यांचं झालं आणि पुढचं ११९ महिन्यांचं. दशकाची वाढ पाहिली तर आधी २४.८० टक्के आणि नंतर २४.६६ टक्के, वाटतं, वेग मंदावला. महिन्यांचा हिशेब धरून वार्षिक दर काढला की चित्र फिरतं: आधी २.२०, नंतर २.२२. वेग किंचित वाढला होता.

## फेब्रुवारीतलं बीड

मोजणीचा महिना एखाद्या तालुक्याचं सरासरी वयसुद्धा बदलू शकतो. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. तोडीला जातात ती कष्ट करू शकणारी जोडपी. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुलं.

२०११ च्या मोजणीचा नियम असा होता: त्या वीस दिवसांत तुम्ही कधीही आपल्या नेहमीच्या घरी होतात, तर तिथे मोजले जाणार. पूर्ण काळ बाहेर असाल, तर जिथे सापडाल तिथे. फेब्रुवारीत ऊसतोडणारं जोडपं पूर्ण काळ कोपीवर असतं. त्यामुळे गावाच्या वयाच्या तक्त्यात विशी ते चाळिशीचा भाग रोडावतो आणि कारखान्याभोवतीच्या गावांत तोच फुगतो. जूनमध्ये मोजणी केली असती, तर दोन्ही तालुके वेगळे दिसले असते.

१ मार्च निवडण्यामागे एरवी शहाणपणच आहे: पाऊस नसतो, रस्ते चालू असतात, देशाच्या बहुतेक भागांत माणसं घरी असतात. बहुतेक भागांत. ऊसतोडीचा हंगाम त्या ‘बहुतेक’मध्ये बसत नाही, आणि दर जनगणनेला त्याच लोकांच्या बाबतीत बसत नाही. गावाला रेशन, शाळेच्या खोल्या, दवाखाना देताना हा तक्ता समोर ठेवणाऱ्याने महिना विचारलाच पाहिजे.

## सर्वेक्षणाला संदर्भ दिनांकच नसतो

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या मोठ्या पाहण्यांचा प्रकार वेगळा. तिथे वय धरतात मुलाखतीच्या दिवशीचं. पाचव्या फेरीचं काम १७ जून २०१९ ला सुरू झालं आणि ३० एप्रिल २०२१ ला संपलं. महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते, उत्तर प्रदेश दुसऱ्यात. म्हणजे ‘पाच वर्षांखालची मुलं’ म्हणताना दोन टप्प्यांतल्या राज्यांतली मुलं वेगवेगळ्या काळात जन्मलेली आहेत. एका ठिकाणची मोजली गेली करोनाच्या आधी, दुसरीकडची बरीचशी नंतर.

वयाचा हिशेब इथे महिन्यांत चालतो. जानेवारी १९०० ला एक धरून प्रत्येक महिन्याला क्रमांक देतात. जून २०१९ हा १४३४ वा. मुलाखतीच्या क्रमांकातून जन्माचा वजा केला की वय महिन्यांत मिळतं.

एवढी बारीक मापं कशाला, ते वाढ खुंटलेल्या मुलांच्या आकड्यात कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार १८ महिन्यांच्या मुलीची उंची ७४.९ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर वाढ खुंटलेली धरतात. २१ महिन्यांना ही रेषा ७७.५ वर जाते. एक मुलगी ७६ सेंटीमीटरची आहे आणि खरं वय आहे २१ महिने. आई म्हणाली ‘दीड वर्षाची’, आणि ते तसंच लिहिलं गेलं. मुलगी धडधाकट ठरली. उंची अगदी बरोबर मोजली, चुकले ते तीन महिने.

या पाहण्यांत आणखी एक दुखणं आहे. स्त्रियांची सविस्तर मुलाखत १५ ते ४९ या वयांतच घ्यायची असते आणि ती लांबलचक असते. दमलेल्या पाहणीदाराच्या हातून पंधराची मुलगी चौदाची आणि ४९ ची बाई पन्नासची लिहिली जाते. तेवढीच एक मुलाखत टळली. जगभरच्या अशा पाहण्यांत हा कल सापडला आहे.

## एकाच दिवशी मोजून का टाकत नाहीत?

टाकत होते. १८८१ पासून १९३१ पर्यंत आपल्याकडे एका रात्रीत मोजणी व्हायची आणि त्यासाठी चांदण्याची रात्र निवडत, म्हणजे प्रगणकाला गावातून फिरता यावं. त्यासाठी माणसांची प्रचंड फौज लागे आणि धावपळीत घरं सुटत. १९४१ पासून काही दिवसांची मुदत आली.

## आधार असताना विचारायचंच कशाला?

कारण कागदांवरचंही वय वेगवेगळं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात आधार कार्डावरची तारीख वयासाठी ग्राह्य धरली नाही. शाळा सोडल्याचा दाखला धरावा, असं म्हटलं. आणि त्या दाखल्यावर कोणती तारीख असते, ते वर आलंच. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांची नोंदच नाही. जनगणना दाखला मागत नाही, तुम्ही सांगाल ते लिहून घेते. कागद नसलेला माणूसही त्यामुळे मोजणीत येतो.

## दाखल्यावरचं एक आणि खरं दुसरं असेल तर?

खरं सांगा, १ मार्च २०२७ ला पूर्ण झालेलं. तारीख माहीत असेल तर तारीखच सांगा, वजाबाकी त्यांना करू द्या. माहीत नसेल तर गोल आकडा न सांगता एखादी घटना सांगा. दाखल्यापेक्षा वेगळं वय सांगितल्याने नोकरी-पेन्शनवर गदा येईल, ही भीती अनेकांना वाटते. १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवली आहे. जनगणनेची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. मास्तरांचा १ जून पेन्शनच्या कागदात जसाच्या तसा राहतो.